निनावी प्रश्नपत्रक आणि उत्तरदात्याची ओळख



शाळेच्या कामात माहिती गोळा करण्याचे प्रसंग वारंवार येतात. पालकांची मते, विद्यार्थ्यांच्या अडचणी, प्रशिक्षणाविषयी शिक्षकांचे अभिप्राय अशा अनेक गोष्टी पूर्वी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून घेतल्या जात. आता त्यांची जागा बहुतांशी ऑनलाइन प्रश्नपत्रकाने, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘फॉर्म’ म्हणतो त्याने, घेतली आहे. लिंक पाठवली की घटकाभरात उत्तरे तक्त्यात येऊन बसतात. सोय मोठी आहे यात शंका नाही. परंतु या सोयीबरोबर एक प्रश्न येतो, आणि त्याचा विचार आपण फॉर्म पाठवून झाल्यावर करतो. उत्तर कोणाचे आहे हे आपणांस कळावयास हवे की नको? कळावयास नको असेल, तर ते खरोखरच कळत नाही ना? आणि कळावयास हवे असेल, तर उत्तर देणाऱ्यास तसे आधी सांगितले आहे ना? प्रस्तुत पाठात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. तीन प्रकार

माहिती देणाऱ्याच्या ओळखीच्या दृष्टीने प्रश्नपत्रकाचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार सनाम. यात उत्तर देणारा आपले नाव स्वतः लिहितो आणि ते कोण वाचणार हे त्यास ठाऊक असते. शिष्यवृत्तीची माहिती, गणवेशाचे माप, सहलीची संमती ही कामे याच प्रकारची होत.

दुसरा प्रकार गोपनीय. यात विचारणारास नाव ठाऊक असते, परंतु ते तो इतरांस सांगत नाही. येथे उत्तर देणाऱ्याचे संरक्षण विचारणाऱ्याच्या वचनावर अवलंबून असते.

तिसरा प्रकार निनावी. यात विचारणारासदेखील उत्तर कोणाचे हे कळत नाही, आणि त्याने मनात आणले तरी शोधून काढता येत नाही. येथे संरक्षण पत्रकाच्या रचनेतच असते.

व्यवहारात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकाराची सर्रास गल्लत होते. नावाचा रकाना ठेवला नाही म्हणजे पत्रक निनावी झाले, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. तद्वत नावाचा रकाना झाकला म्हणून नाव झाकले जात नाही.

२. एक अनुभव

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणानंतर आमच्या केंद्रातील शिक्षकांचे अभिप्राय घेण्याचे काम माझ्याकडे आले. मी फॉर्म तयार केला आणि वरती मोठ्या अक्षरांत लिहिले, “आपले नाव कोठेही येणार नाही. निःसंकोचपणे लिहावे.” खाली मात्र, पुढे तक्ते करावयास उपयोगी पडेल म्हणून, चार गोष्टी विचारल्या: स्त्री की पुरुष, सेवेची वर्षे, शाळेचा प्रकार आणि शिकवीत असलेली इयत्ता.

एका उत्तरात स्पष्टपणे लिहिले होते की, प्रशिक्षणातील साहित्य शाळेपर्यंत पोहोचलेच नाही आणि जे वापरले ते पदरमोड करून आणले. उत्तर सभ्य होते आणि खरेही होते. सर्व उत्तरांचा तक्ता मी जसाच्या तसा वरिष्ठांपुढे ठेवला. तो वाचताच एकाने विचारले, “द्विशिक्षकी शाळा, स्त्री, सेवा पाच वर्षांहून कमी, पहिली-दुसरी. म्हणजे त्या वाडीवरच्या बाईच ना?” केंद्रात तशा एकच बाई होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांस खुलासा विचारण्यात आला.

त्या माझ्याशी एक शब्दही कठोर बोलल्या नाहीत. “सर, आपण लिहिले होते म्हणून मी लिहिले,” एवढेच म्हणाल्या. पुढच्या प्रशिक्षणानंतर मी पुन्हा फॉर्म पाठवला तेव्हा सर्व शाळांकडून एकाच आशयाची उत्तरे आली: ‘उत्तम’, ‘समाधानकारक’, ‘काही सूचना नाहीत’. एका वाक्याचा विश्वास गेला आणि त्याबरोबर संपूर्ण केंद्राची खरी माहितीही गेली.

३. नाव न विचारता ओळख कशी पटते

माझी चूक नेमकी कोठे झाली हे साध्या गुणाकाराने दाखवता येते. समजा, एका केंद्रात ६० शिक्षक आहेत. पत्रकात स्त्री-पुरुष हे २ पर्याय, सेवेच्या वर्षांचे ४ गट, शाळेचे ३ प्रकार आणि इयत्तांचे ४ गट आहेत. २ × ४ × ३ × ४ म्हणजे ९६ खाने झाले. माणसे ६० आणि खाने ९६! बहुतेक खाने रिकामे राहतील, आणि जे भरतील त्यांपैकी पुष्कळांत एकेकच व्यक्ती असेल. जो खान्यात एकटा, त्याचे नाव लिहिल्यासारखेच आहे.

ही गोष्ट केवळ लहान केंद्रापुरती खरी आहे असे समजू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधकांस उपलब्ध करून देण्यात आल्या होत्या. १९९७ साली लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीने त्या नोंदी मतदारयादीशी जुळवून पाहिल्या. जन्मतारीख, लिंग आणि टपाल क्रमांक या तीनच गोष्टींवरून तिने त्या राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे २००० साली तिने असे अनुमान मांडले की, याच तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येतील. कोट्यवधींच्या देशात तीन प्रश्न पुरतात, तर साठांच्या केंद्रात किंवा तीसांच्या वर्गात किती पुरतील याचा विचार आपणच करावा.

खान्यांखेरीज ओळख पटण्याचे आणखी मार्ग आहेत. ते शिक्षकाने जाणून घ्यावेत.

(अ) वेळ. गूगल फॉर्मच्या तक्त्यात प्रत्येक उत्तरापुढे ते कोणत्या दिवशी व कोणत्या क्षणी आले याची नोंद आपोआप होते. वर्गातील एकच मोबाइल हातोहात फिरवून मुलांकडून उत्तरे भरून घेतली, तर वेळेचा क्रम म्हणजे बसण्याचा क्रम होय.

(आ) ई-मेल. गूगल फॉर्ममध्ये ई-मेल गोळा करण्याची सोय असते. ती बंद आहे की नाही हे लिंक पाठवण्यापूर्वी स्वतः पाहावे. ‘एका व्यक्तीचे एकच उत्तर’ ही अट घातल्यास उत्तर देणाऱ्यास आपल्या खात्यातून प्रवेश करावा लागतो. ई-मेल गोळा करणे बंद असेल तर तो पत्ता फॉर्म करणाऱ्यास दिसत नाही हे खरे, पण समोर आपले खाते पाहून उत्तर देणारा बिचकतो. ज्याला निर्धास्त करावयाचे त्यालाच दारावर ओळखपत्र मागितल्यासारखे ते होते.

(इ) छायाचित्र किंवा फाइल. फाइल जोडावयास सांगितली तर खात्यातून प्रवेश करणे भाग पडते आणि जोडलेल्या फाइलच्या नावापुढे पाठवणाऱ्याचे नावही लागते. निनावी पत्रकात फाइल मागू नये.

(ई) भाषा. कागदावर अक्षर ओळखू येत असे. टंकलिखित उत्तरात अक्षर नसते, पण बोलण्याची लकब असते. एखाद्या मुलाचे नेहमीचे शब्द, एखाद्या पालकाची वाक्य संपवण्याची रीत आपण ओळखतो. म्हणून उत्तरे जशीच्या तशी सभेत वाचून दाखवू नयेत. आशय आपल्या शब्दांत सांगावा.

(उ) निकालाचा सारांश. उत्तर देणाऱ्यांस सर्वांच्या उत्तरांचा सारांश दाखवण्याची सोय फॉर्ममध्ये असते. ती चालू राहिल्यास एकाने लिहिलेला मजकूर दुसऱ्यास वाचता येतो. ती बंद ठेवावी.

यावरून पहिला नियम निघतो. जी माहिती तक्ता करण्यास अत्यावश्यक नाही ती विचारू नये. ‘असू द्यावी, पुढे उपयोगी पडेल’ ही वृत्ती येथे घातक ठरते. आणि निकाल मांडताना ज्या गटात पाचांहून कमी व्यक्ती असतील तो गट स्वतंत्र न दाखवता शेजारच्या गटात मिळवावा.

४. ओळख आवश्यक असेल तेव्हा

निनावीपणा नेहमीच इष्ट असतो असे नव्हे. कोणाचे उत्तर आले आणि कोणाचे राहिले हे पाहावयाचे असते. जूनमधील उत्तराची त्याच मुलाच्या मार्चमधील उत्तराशी तुलना करावयाची असते. काही प्रसंगी विचारणाऱ्यास मदत पोहोचवावयाची असते. अशा वेळी काय करावे?

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे नाव विचारणे आणि का विचारतो ते सांगणे. जेथे लपवण्यासारखे काही नाही तेथे निनावीपणाचे सोंग घेऊ नये.

केवळ ‘कोणी भरले’ एवढेच कळावयास हवे असेल, तर काही जण दोन फॉर्म करतात. पहिल्यात उत्तरे आणि शेवटी दुसऱ्याची लिंक, दुसऱ्यात फक्त नाव. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात एक छिद्र आहे. दोन्ही तक्त्यांत वेळेची नोंद असते. दहा वाजून पाच मिनिटांनी उत्तर आले आणि दहा वाजून सहा मिनिटांनी नाव आले, तर ते नाव त्या उत्तराचेच. त्यापेक्षा उत्तर भरून झाल्यावर हजेरीच्या कागदावर खूण करण्यास सांगावे, आणि तीही सर्वांचे भरून झाल्यावर एकदम.

दोन वेळच्या उत्तरांची जोडी लावावयाची असेल तर सांकेतिक क्रमांक उपयोगी पडतो. संशोधनात उत्तर देणाऱ्यानेच आपला संकेत बनवण्याची पद्धत आहे. आईच्या नावाचे पहिले अक्षर, जन्मतारखेचा दिवस, थोरल्या भावंडांची संख्या अशा गोष्टी जोडून तो बनवतात. परंतु शाळेत ही पद्धत जशीच्या तशी आणू नये, कारण आईचे नाव आणि जन्मतारीख आपल्या जनरल रजिस्टरात असतात. असा संकेत शिक्षकाच्या दृष्टीने संकेत राहत नाही. त्याऐवजी एका डब्यात क्रमांकाच्या चिठ्ठ्या घालाव्यात, प्रत्येक मुलाने न दाखवता एक उचलावी आणि तो क्रमांक आपल्या वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवावा. दोन्ही वेळा फॉर्ममध्ये तोच क्रमांक भरावा. काही मुले क्रमांक विसरतील आणि तेवढ्या जोड्या जुळणार नाहीत. ती हानी सोसावी, क्रमांकांची यादी करून ठेवण्याचा मोह धरू नये.

याउलट एक गोष्ट कधीही करू नये. प्रत्येकाच्या लिंकमध्ये निरनिराळा क्रमांक आधीच भरून पाठवता येतो. उघडपणे सांगून केले तर ते सोयीचे असते. परंतु वरती ‘निनावी’ असे लिहून लिंकमध्ये खूण लपवणे ही सरळसरळ फसवणूक होय. पकडली जावो वा न जावो, ती शिक्षकाच्या हातून होता कामा नये.

५. एक मोबाइल, अनेक उत्तरे

निनावी फॉर्मवर नेहमीचा आक्षेप असा की एकच माणूस दहा वेळा उत्तर भरील. आक्षेप रास्त आहे. पण ‘एका खात्यास एक उत्तर’ हा त्यावरील उपाय खेड्यात उलटा बसतो. एका मोबाइलवर दोन जावांची मुले आणि शेजारचे एखादे मूल उत्तर भरते. खात्याची अट घातली की पहिल्याचे उत्तर जाते आणि उरलेल्यांपुढे दार बंद होते. ज्या घरात मोबाइल नाही त्याचा आवाज आपण आपल्या हाताने पुसतो.

यावर सोपा उपाय असा. जितके उत्तरदाते तितक्या चिठ्ठ्या कराव्यात आणि प्रत्येकीवर वेगळा परवलीचा शब्द लिहावा. चिठ्ठ्या घडी घालून टोपलीत ठेवाव्यात आणि ज्याने त्याने एक उचलावी. फॉर्ममध्ये तो शब्द लिहावयाचा. एकच शब्द दोनदा आला तर एकच उत्तर धरावे, यादीत नसलेला शब्द आला तर ते उत्तर वगळावे. कोणता शब्द कोणाच्या हाती गेला हे मात्र आपणांस ठाऊक नाही. अशा रीतीने उत्तर खऱ्या उत्तरदात्याचे आहे हेही कळते आणि तो कोण हे कळत नाही.

६. छापा-काटा पद्धती

काही प्रश्नांची उत्तरे कितीही वचने दिली तरी खरी मिळत नाहीत. ‘तू परीक्षेत नक्कल केलीस का?’ या प्रश्नास ‘होय’ लिहिण्याचे धैर्य विरळा. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर या अमेरिकन अभ्यासकाने यावर एक मार्ग सुचवला. उत्तरातच यदृच्छेचा अंश मिसळावा, म्हणजे कोणाही एकाचे उत्तर पाहून त्याच्याविषयी काही निश्चित सांगता येणार नाही, पण सर्वांचे मिळून प्रमाण काढता येईल. या कल्पनेची पुढे रूढ झालेली एक सोपी रीत अशी:

प्रत्येकाने कोणास न दाखवता नाणे उडवावे. छापा पडल्यास काहीही असो, ‘होय’ लिहावे. काटा पडल्यास खरे ते लिहावे.

समजा, केंद्रातील ४०० विद्यार्थ्यांनी उत्तरे दिली आणि २६० ‘होय’ आले. छाप्यामुळे सुमारे २०० ‘होय’ येणारच. उरलेले ६० ‘होय’ हे काटा पडलेल्या सुमारे २०० विद्यार्थ्यांपैकी होत. म्हणजे खरे प्रमाण २०० पैकी ६०, अर्थात सुमारे ३० टक्के. एखाद्याचे ‘होय’ दिसले तरी ते नाण्याचे की त्याचे, हे कोणीही सांगू शकत नाही.

ही रीत मोठ्या संख्येवरच वापरावी. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात नाण्याच्या लहरीने प्रमाण फारच वरखाली होते. मात्र सातवी-आठवीच्या गणितात संभाव्यतेची तोंडओळख म्हणून, निरुपद्रवी प्रश्न घेऊन, तिचा पाठ अवश्य घ्यावा.

७. उत्तरात दुःख असते तेव्हा

आता सर्वांत कठीण प्रसंगाकडे वळू. आपण मुलांस निनावी फॉर्म दिला आणि एका उत्तरात लिहून आले की, ‘मला घरी मारतात’, किंवा त्याहून भयंकर काही. नाव नाही. काय करावे?

पहिला आवेग असा येतो की वेळ पाहून, शब्द पाहून मूल शोधून काढावे आणि बोलावून विचारावे. हेतू चांगला असतो. परंतु वर्गातून एकट्यास बोलावले की सर्वांस कळते, आणि ज्याने विश्वास टाकला ते मूल तोंड मिटते. उलट ‘निनावी आहे, आपण काय करणार?’ असे म्हणून तक्ता मिटून ठेवणे हे त्याहूनही वाईट.

याची तयारी फॉर्म पाठवण्यापूर्वीच करावयाची असते. मुलांच्या प्रश्नपत्रकाच्या आरंभी, त्यांस समजेल अशा भाषेत, पुढील आशयाचे लिहावे: “तू कोण हे आम्हांला कळणार नाही. तुला कोणी त्रास देत असेल आणि मदत हवी असेल, तर खाली आपले नाव लिही किंवा बाईंना, सरांना येऊन सांग. तू सांगितलेस तर आम्ही तुला मदत करू शकणाऱ्या मोठ्या माणसांनाच सांगू.” नावाची जागा ऐच्छिक ठेवावी. म्हणजे ओळख देणे हा मुलाचा निर्णय राहतो. त्याच पानावर १०९८ हा बाल साहाय्यवाणीचा क्रमांक द्यावा.

तरीही निनावी उत्तर आलेच, तर त्याच दिवशी संपूर्ण वर्गाशी बोलावे, कोणाकडेही न रोखून पाहता. अशी अडचण कोणाचीही असू शकते, ती सांगण्यात लाज नाही आणि सांगणाऱ्याचा दोष नाही, हे स्पष्ट करावे. आपण कोठे व केव्हा एकटे भेटू हे सांगावे आणि त्या वेळी खरोखरच तेथे असावे. मुख्याध्यापकांस त्याच दिवशी कळवावे.

लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर शिक्षकास निवडीचा अधिकार नाही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, जो पॉक्सो म्हणून ओळखला जातो, सांगतो की असा अपराध घडला आहे हे ज्यास कळले किंवा घडण्याची शक्यता ज्यास वाटली, त्याने ते पोलिसांस कळवलेच पाहिजे. न कळवणे हा स्वतंत्र अपराध आहे. यास्तव ‘मी हे कोणालाही सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने मुलास कधीही देऊ नये. जे पाळता येणार नाही ते वचन निनावीपणाच्या वचनाइतकेच घातक ठरते.

८. सारांश

फॉर्म पाठवण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःस पुढील प्रश्न विचारावेत.

१) हे पत्रक सनाम, गोपनीय की निनावी? ते वरती एका वाक्यात लिहिले आहे काय?
२) विचारलेल्या गोष्टींचे खाने किती आणि माणसे किती?
३) ई-मेल, फाइल आणि निकालाचा सारांश या सोयी पाहून घेतल्या काय?
४) तक्ता कोण पाहणार, आणि काम झाल्यावर तो केव्हा पुसणार?
५) अठरा वर्षांखालील मुलांची माहिती असल्यास पालकांची संमती घेतली काय? २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीविषयक कायद्याने मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीस विशेष महत्त्व दिले आहे.
६) अनपेक्षित, दुःखद उत्तर आले तर कोण, कोणास, त्याच दिवशी कळवणार?

स्वाध्याय

१) आपल्या शाळेने नुकताच पाठवलेला एखादा फॉर्म घ्यावा, त्यातील खान्यांचा गुणाकार करावा आणि उत्तरदात्यांच्या संख्येशी ताडून पाहावा.
२) त्यातील कोणते प्रश्न गाळले असते तरी काम अडले नसते, ते लिहावे.
३) पुढील शिक्षण परिषदेत दोन्ही उत्तरांवर चर्चा करावी. चर्चेत कोणा शिक्षकाचे वा विद्यार्थ्याचे नाव घेऊ नये.

ज्या बाईंविषयी वर लिहिले त्यांची पुढे बदली झाली. त्यांनी लिहिलेले साहित्य मात्र पुढच्या वर्षी शाळांत वेळेवर पोहोचले. म्हणजे त्यांचे उत्तर उपयोगी पडले, आणि त्याची किंमत एकट्या त्यांनी भरली. खरे सांगणाऱ्यास अशी किंमत भरावी लागू नये, एवढी काळजी प्रश्न विचारणाऱ्याने घेतलीच पाहिजे.